नापास कोण – विद्यार्थिनी की विद्यालय?

नर्सिंगच्या परीक्षेत वारंवार नापास होणाऱ्या मुलींना पुन्हा पुन्हा संधी कशाला द्यायची, असा सूर वैद्यकीय क्षेत्रातील प्रतिष्ठितांच्या बोलण्यात नेहमी ऐकू येतो. तीन वेळा, फार तर चार वेळा. त्यानंतर दार बंद करावे, रुग्णाच्या जिवाशी खेळ नको, असे सांगितले जाते. ऐकताना हा मुद्दा बिनतोड वाटतो. आमच्या समाजातील शिकलेली माणसेही त्याला मान डोलावतात. पण नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांत उभे राहून नर्सिंगच्या शिक्षणाकडे पाहिले की अशा मर्यादेचा फटका कोणाला बसतो आणि कोण सहीसलामत सुटतो, हे स्पष्ट दिसू लागते. म्हणून या प्रश्नाचा मुळापासून विचार करणे आम्हाला आवश्यक वाटते.

आधी वस्तुस्थिती पाहू. अमेरिकेत नर्सिंगची पदवी मिळाल्यावर परवान्यासाठी वेगळी परीक्षा द्यावी लागते. आपल्याकडे तशी वेगळी परीक्षा नाही. जीएनएम करणारी मुलगी महाराष्ट्र राज्य शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळाची परीक्षा देते, बी.एस्सी. नर्सिंग करणारी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची परीक्षा देते, आणि उत्तीर्ण झाली की महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे तिची नोंदणी होते. ही नोंदणी म्हणजेच परवाना. दर पाच वर्षांनी त्याचे नूतनीकरण करावे लागते. म्हणजे आपल्याकडे शेवटच्या वर्षाची परीक्षा हीच परवान्याची परीक्षा आहे. त्यात लेखी आणि प्रात्यक्षिक अशा दोन्हींत वेगवेगळे ५० टक्के गुण लागतात. बी.एस्सी. नर्सिंगच्या विद्यार्थिनीने किती वेळा परीक्षेला बसावे यावर थेट बंधन नाही, पण चार वर्षांचा हा अभ्यासक्रम प्रवेशापासून आठ वर्षांच्या आत पूर्ण झाला पाहिजे, असा भारतीय परिचर्या परिषदेचा नियम आहे. विद्यापीठाच्या उन्हाळी आणि हिवाळी अशा दोन परीक्षा होतात.

कागदावर हे उदार दिसते. चार वर्षांच्या अभ्यासाला आठ वर्षे दिली, आणखी काय हवे, असे कोणीही विचारील. डॉक्टरांच्या शिक्षणात तर याहून कडक नियम आहे. एमबीबीएसचे पहिले वर्ष चार प्रयत्नांत पार करावे लागते आणि सगळा अभ्यासक्रम नऊ वर्षांत. २०२३ मध्ये संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसविका आयोगाचा कायदा केला आणि १९४७ चा जुना कायदा मोडीत काढण्याची तरतूद झाली. आयोग आला की नवी नियमावली येणार. त्या वेळी डॉक्टरांना लावलेला चार प्रयत्नांचा नियम नर्सलाही लावावा, असा मोह धोरण ठरवणाऱ्यांना होणार हे सांगायला ज्योतिषाची गरज नाही. नियम झाल्यावर मोर्चे काढण्यापेक्षा तो होण्यापूर्वी बोललेले बरे.

आता लातूरकडे पाहा. नव्वदच्या दशकात बारावीच्या गुणवत्ता याद्यांनी 'लातूर पॅटर्न' महाराष्ट्रभर गाजला. आज त्या शहराचे अर्थकारणच ट्यूशन एरियावर चालते. नांदेडमध्येही वेगळे चित्र नाही. या शहरांत 'रिपीटर' हा अत्यंत प्रतिष्ठेचा शब्द आहे. नीट परीक्षेत पहिल्या वर्षी गुण कमी पडले की मुलगा रिपीटर बॅचला बसतो, दुसऱ्या वर्षीही कमी पडले की तिसऱ्या वर्षी बसतो. बाप शेत विकतो किंवा पगारावर कर्ज काढतो, आई मुलासाठी शहरात खोली घेऊन राहते. नीटला प्रयत्नांची मर्यादा नाही. वयाची वरची मर्यादाही मार्च २०२२ मध्ये काढून टाकण्यात आली. तिसऱ्या प्रयत्नात डॉक्टरकीला लागलेल्या मुलाचे फोटो चौकाचौकांत फ्लेक्सवर झळकतात, त्याच्या जिद्दीचे कौतुक होते. हा मुलगा दोन वेळा अपयशी ठरला म्हणजे रुग्णांना धोकादायक आहे, असे कोणी म्हटल्याचे आमच्या ऐकिवात नाही. म्हणू नयेच. तो दोन वर्षे जास्त शिकला, इतकाच त्याचा अर्थ. मग शरीररचनाशास्त्राच्या पेपरात दोन वेळा अडलेल्या नर्सिंगच्या मुलीबद्दलच गुणवत्तेचा प्रश्न का निघतो?

राज्य लोकसेवा आयोगाचे उदाहरणही विसरता येत नाही. डिसेंबर २०२० मध्ये आयोगाने स्पर्धा परीक्षांसाठी संधींची मर्यादा जाहीर केली. खुल्या प्रवर्गाला सहा, इतर मागासवर्गाला नऊ, अनुसूचित जाती-जमातींना मर्यादा नाही, असे तिचे स्वरूप होते. त्यावर पुण्यापासून लातूरपर्यंतच्या अभ्यासिकांत असंतोष उसळला आणि २०२२ मध्ये आयोगाने ती मर्यादा मागे घेतली. तहसीलदार होऊ पाहणाऱ्यांच्या मागे आवाज होता. नर्स होऊ पाहणाऱ्या मुलींच्या मागे कोण आहे?

या मुली कोण आहेत हे जाणून घ्यायचे असेल तर नांदेडच्या विष्णुपुरीतील किंवा लातूरच्या शासकीय रुग्णालयाच्या कोणत्याही वॉर्डात सकाळच्या पाळीला जाऊन उभे राहावे. गणवेशातल्या त्या शिकाऊ मुलींची गावे विचारावीत. मुखेड, कंधार, लोहा, देगलूर, किनवट, जळकोट, देवणी, अहमदपूर. बौद्ध, मातंग, आंध, गोंड, लमाण, मुस्लिम आणि अलीकडे कोरडवाहू मराठा-कुणबी घरांतल्या या मुली आहेत. रक्त, मलमूत्र आणि प्रेताला हात लावावा लागतो म्हणून या कामाकडे मराठवाड्यातील वरच्या जातींनी दीर्घकाळ पाठ फिरवली. त्यामुळे आमच्या मुलींना जिथे पाय ठेवायला जागा मिळाली असे जे थोडे व्यवसाय आहेत, त्यात नर्सिंग येते. गावातली कोणीतरी मावशी आरोग्य उपकेंद्रात सिस्टर झाली, तिच्या पगारातून भावांची शिक्षणे झाली, घरावर स्लॅब पडला, हे पाहून दुसरी मुलगी त्या वाटेला लागते. बहुतेक घरांत ती पहिलीच बारावी पास मुलगी असते.

ती जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठीतून शिकलेली असते. किनवट-माहूरकडच्या तांड्यावरची असेल तर मराठीही तिची दुसरी भाषा. देगलूरच्या सीमेवरची असेल तर घरात तेलुगू, देवणीकडची असेल तर कन्नड. अशा मुलीला पहिल्याच वर्षी अ‍ॅनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी इंग्रजीतून शिकवले जाते आणि उत्तरेही इंग्रजीतच लिहायची असतात. एएनएमचा अभ्यासक्रम मराठीतून करता येतो, पण त्याच्या वरची पायरी इंग्रजी झाली. ड्रेसिंग कसे करायचे, सलाईनचे थेंब कसे मोजायचे, बाळंतिणीचा रक्तस्राव वाढला तर प्रथम काय करायचे, हे या मुलीला विचारा. ती मराठीत घडाघडा सांगते आणि हाताने करून दाखवते. तेच पाच गुणांच्या प्रश्नात इंग्रजी वाक्यांत मांडायला सांगितले की तिचा हात थांबतो. ती प्रात्यक्षिकात पास आणि लेखीत नापास होते. गुणपत्रिका मात्र इंग्रजीत नापास झाली असे म्हणत नाही, ती नर्सिंगमध्ये नापास झाली असेच म्हणते.

औषधांची नावे, डॉक्टरांच्या सूचना, केसपेपर सगळे इंग्रजीत असते, तेव्हा इंग्रजी लागतेच, हे आम्हाला मान्य आहे. आमच्या मुलींनी इंग्रजी शिकू नये असे म्हणणारे आम्ही नव्हेत. इंग्रजीने आमच्या समाजाला किती दिले हे आम्ही जाणतो. प्रश्न एवढाच आहे की ते शिकवण्याची जबाबदारी कोणाची? फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीच्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी करार केला. तिकडे हजारो कुशल माणसे पाठवायची, त्यात नर्सही, आणि त्यासाठी जर्मन भाषा सरकारी खर्चाने शिकवायची, असे ठरले. चांगली गोष्ट आहे. पण नांदेडच्या मुलीला स्टुटगार्टच्या रुग्णालयासाठी जर्मन शिकवायला ज्या सरकारपाशी पैसा आहे, त्याला तिला नांदेडच्या परीक्षेसाठी सहा महिने इंग्रजीचे वर्ग देणे जड का जाते, हे आम्हाला समजत नाही. मध्य प्रदेशाने ऑक्टोबर २०२२ मध्ये एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाची हिंदी पुस्तके काढली. त्यांच्या हेतूंबद्दल आमचे मतभेद आहेत. तरीही मातृभाषेतून शरीरशास्त्र शिकवता येते, हे एका राज्याने निदान करून पाहिले.

नापास झालेल्या मुलीचे पुढे काय होते, ते पाहू. कारण खरी मर्यादा तेथे आहे. नियमात आठ वर्षे आहेत, पण ती आठ वर्षे कोणाच्या पैशाने काढायची? भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती वरच्या वर्गात गेल्याशिवाय पुढे सरकत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात नापास मुलीची जागा दुसरीला जाते. स्वाधार योजनेतही गुणांची अट आहे. म्हणजे ज्या दिवशी निकाल लागतो त्याच दिवशी तिची खोली, तिचे जेवण आणि तिची फी ही तिन्ही एकदम जातात. वर परीक्षा शुल्क पुन्हा भरायचे. खासगी विद्यालय असेल तर मूळ कागदपत्रे फीच्या थकबाकीपायी अडकवून ठेवलेली. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला जातात, त्याच सुमारास हिवाळी परीक्षा येते. घरी म्हातारी आजी आणि दोन लहान भावंडे तिच्या गळ्यात. गावात चर्चा सुरू होते की पोरगी नापास झाली, आता शिकवून काय करता, स्थळ पाहा. दुसऱ्या प्रयत्नाला ती बसते ती शेजारणीच्या फोनवर उतरवलेल्या नोट्स वाचून. तिसऱ्या प्रयत्नाच्या वेळी तिचे लग्न झालेले असते, कडेवर मूल असते. श्रीमंताच्या मुलाला आठ वर्षे म्हणजे खरोखर आठ वर्षे मिळतात. या मुलीला ती फार तर दोन मिळतात. बाकीची सहा नियमात लिहिलेली राहतात.

ती पुढे कोठे जाते? गुणवत्तेच्या रखवालदारांनी या प्रश्नाचे उत्तर द्यावे. ती शेतात परत जातेच असे नाही. नांदेड-लातूरच्या, उदगीर-देगलूरच्या गल्लीबोळांतल्या खासगी दवाखान्यांत ती 'सिस्टर' म्हणून उभी असते. तिला इंजेक्शन देता येते, सलाईन लावता येते, तीन वर्षे तिने वॉर्डात काढलेली असतात. फक्त नोंदणी नसते. म्हणून ती स्वस्त पडते. नोंदणीकृत नर्सच्या निम्म्या-पाव पगारात बारा बारा तास ती राबते आणि काही चुकले तर पहिला बळी तीच, कारण कागदोपत्री ती तिथे नसतेच. शुश्रूषागृहांच्या नोंदणीचा कायदा १९४९ पासून राज्यात आहे आणि पात्र परिचारिका असणे ही त्यातली अट आहे. तपासणीच्या दिवशी कोणाची प्रमाणपत्रे भिंतीवर लागतात, हे गावातले शेंबडे पोरही सांगेल. तेव्हा प्रयत्नांवर मर्यादा घातली की अपात्र हात रुग्णापासून दूर होतात, हा समजच खोटा आहे. दार बंद केल्याने ती मुलगी वॉर्डाबाहेर जात नाही. ती परवान्याबाहेर जाते, एवढेच. तिला पुढे शिकण्याचे कारण उरत नाही आणि मालकाला कायमची स्वस्त मजूर मिळते. रुग्ण होता तिथेच राहतो.

रुग्णाचा प्रश्न आम्ही हलका मानत नाही. सरकारी रुग्णालयात खाटेवर पडलेला माणूस आमचाच आहे. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३ या २४ तासांत नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ माणसे दगावली, त्यात १२ नवजात अर्भके होती. नवजातांच्या कक्षात क्षमतेच्या दुपटीहून जास्त बाळे होती. सगळा देश हादरला. मग एका खासदाराने अधिष्ठात्यांना संडास साफ करायला लावले, त्याचे चित्रीकरण झाले, आणि त्या प्रकरणी ॲट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदला गेला. औषधांची चर्चा झाली, डॉक्टरांची झाली. एका नर्सच्या वाट्याला किती बाळे होती, हा प्रश्न मात्र कडेला राहिला. शिक्षण देणाऱ्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक नर्स आणि अतिदक्षता कक्षात एका रुग्णामागे एक, असे परिचर्या परिषदेचे प्रमाण आहे. मराठवाड्यातल्या कोणत्या शासकीय वॉर्डात हे प्रमाण पाळले जाते, ते आरोग्यमंत्र्यांनी दाखवून द्यावे. एका नर्सवर तीस-चाळीस रुग्ण टाकताना ज्यांना रुग्णसुरक्षा आठवत नाही, त्यांना ती एका मुलीच्या चौथ्या प्रयत्नाच्या वेळी नेमकी आठवते.

तरीही विरोधी बाजूचा एक मुद्दा खरा आहे आणि तो टाळून चालणार नाही. एखादी परीक्षा पुरेशा वेळा दिली तर काठावरचा उमेदवार केव्हातरी नशिबाने पास होऊ शकतो. पर्यायी उत्तरांच्या परीक्षेत हा धोका अधिक. औषधाची मात्रा काढता न येणारी मुलगी पाचव्या वेळी योगायोगाने पास झाली, तर उद्या ती कोणाच्या तरी बाळाला चुकीची मात्रा देईल. यावर 'आमच्या मुलींना सवलत द्या' हे उत्तर नव्हे, आणि सवलत आम्ही मागतही नाही. ५० टक्क्यांची रेषा आहे तिथेच राहावी. पाचव्या प्रयत्नातही तीच रेषा ओलांडावी लागते. योगायोगाला आळा घालायचा तर दोन प्रयत्नांच्या मध्ये काय घडते, ते पाहिले पाहिजे. काहीच न शिकता मुलगी पुन्हा त्याच पेपराला बसत असेल तर तो जुगार झाला. शिकून बसत असेल तर ती परीक्षा झाली.

ज्या देशांत परवान्याची वेगळी परीक्षा आहे तिथे यावर बराच विचार झाला आहे. अमेरिकेत एनसीएलईएक्स ही परीक्षा नापास झाल्यास ४५ दिवसांनी पुन्हा देता येते, पण एकूण किती वेळा द्यायची हे प्रत्येक राज्य ठरवते. न्यू यॉर्क आणि कॅलिफोर्नियात मर्यादा नाही. टेक्सासमध्ये पदवीनंतर चार वर्षांची मुदत आहे. फ्लोरिडाची पद्धत आम्हाला विचार करण्याजोगी वाटते. तिथे लागोपाठ तीन वेळा नापास झालेल्या उमेदवाराला मान्यताप्राप्त उजळणी अभ्यासक्रम पूर्ण करावा लागतो आणि मग परीक्षेचे दार पुन्हा उघडते. ब्रिटनमध्ये परदेशी नर्सला प्रात्यक्षिक परीक्षेच्या तीन संधी असतात, त्या संपल्या तर सहा महिने थांबून नव्याने अर्ज करता येतो. म्हणजे ज्यांच्या गुणवत्तेचे दाखले आपल्याकडचे प्रतिष्ठित लोक सतत देतात, त्या देशांतही एकदा तीन झाले की जन्मभर घरी बसा, असा सरसकट नियम नाही. फ्लोरिडाचा उजळणी अभ्यासक्रम तिथे उमेदवार पदरच्या पैशाने करतो. आपल्याकडे तो मुलीच्या माथी मारला तर नवी खासगी दुकाने उघडतील. तो शासकीय परिचर्या महाविद्यालयात, शासनाच्या खर्चाने, वसतिगृहासह झाला तरच त्याला अर्थ आहे.

आता विद्यालयांबद्दल. गेल्या वीस वर्षांत मराठवाड्यात नर्सिंगची खासगी विद्यालये पावसाळ्यातल्या छत्र्यांसारखी उगवली. एखाद्या पुढाऱ्याची संस्था, दोन मजले, एक सांगाडा, दोन पुतळे, आणि मुली सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात सोडून दिलेल्या. शिकाऊ मुलीमागे तीन रुग्ण असावेत, असा परिचर्या परिषदेचा दंडक आहे. प्रत्यक्षात चार विद्यालयांच्या मुली एका खाटेभोवती उभ्या असतात आणि शेवटच्या मुलीला रुग्णाचा चेहराही दिसत नाही. सगळीच विद्यालये अशी आहेत असे आमचे म्हणणे नाही; निष्ठेने शिकवणाऱ्या ट्यूटर आम्हाला ठाऊक आहेत, त्यांचा पगार वेळेवर होत नाही हेही ठाऊक आहे. पण ही व्यवस्था किती कुजू शकते, हे शेजारच्या मध्य प्रदेशात उघड झाले. उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयने तिथल्या तीनशेहून अधिक नर्सिंग महाविद्यालयांची तपासणी केली आणि साठहून अधिक महाविद्यालये अपात्र निघाली. मे २०२४ मध्ये तर तपासणीला गेलेले सीबीआयचेच अधिकारी लाच घेताना पकडले गेले. या सगळ्या गोंधळात २०२०-२१ मध्ये प्रवेश घेतलेल्या हजारो मुलामुलींच्या परीक्षा तीन तीन वर्षे झाल्याच नाहीत. ही वाया गेलेली वर्षे कोणाच्या खात्यात धरायची? प्रवेशाच्या तारखेपासून घड्याळ सुरू होते, असे नियम म्हणतो. संस्थाचालकाच्या लबाडीने, विद्यापीठाच्या दिरंगाईने किंवा कोरोनासारख्या साथीने घड्याळ थांबल्याची तरतूद करायला हवी. २०२१ मध्ये परीक्षा लांबत होत्या आणि शेवटच्या वर्षाच्या याच मुलींना कोविडच्या कामाला लावण्याचा निर्णय केंद्राने घेतला होता. तेव्हा त्या पात्र होत्या.

मुदत आणि वर्षे यांचा हिशेब करताना बाबासाहेबांच्या आयुष्यातील एक प्रसंग आम्हाला येथे सांगितला पाहिजे, कारण तो नेमका या प्रश्नाला भिडतो. १९१७ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परत यावे लागले. बुद्धी कमी पडली म्हणून हे घडले नव्हते, पैसा संपला होता. लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करण्याची परवानगी दिली. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात नोकरी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भथेना या मित्राने कर्ज दिले, आणि १९२० मध्ये, मुदत संपण्याच्या आत, ते पुन्हा लंडनला पोचले. १९२२ मध्ये सादर केलेला रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा प्रबंध परीक्षकांनी फेरमांडणीसाठी परत पाठवला. तोपर्यंत पैसे पुन्हा संपले होते. त्यांनी मुंबईला येऊन तो सुधारला, १९२३ मध्ये पुन्हा पाठवला, आणि डी.एस्सी. मिळवली. मुदतीत सवलत देणारे विद्यापीठ आणि दुसऱ्यांदा प्रबंध वाचणारे परीक्षक नसते तर काय झाले असते, याचा विचार वाचकांनीच करावा. त्या विद्यापीठाने आपला दर्जा कणभरही खाली आणला नव्हता.

तेव्हा आमची मागणी सरळ आहे. मुदत मोजायचीच असेल तर ती मुलीच्या शिकण्याच्या काळाची मोजा. बाळंतपण, आजारपण, पुढे ढकललेली परीक्षा आणि संस्थेची मान्यता अडकलेला काळ त्यातून वगळा. तिसऱ्या अपयशानंतर सक्तीचा उजळणी वर्ग ठेवा, तो नांदेड आणि लातूरच्या शासकीय संस्थांत फुकट चालवा, आणि त्या काळात शिष्यवृत्ती व वसतिगृह सुरू ठेवा. पहिल्या वर्षाच्या आधी इंग्रजीचा पायाभूत वर्ग सुरू करा. आणि प्रयत्नांची मोजणी विद्यालयांनाही लावा. ज्या विद्यालयाच्या निम्म्याहून अधिक मुली लागोपाठ तीन वर्षे नापास होतात, त्याचे प्रवेश चौथ्या वर्षी थांबले पाहिजेत. मुलीला तीन संधी पुरे म्हणणाऱ्यांनी संस्थाचालकाला किती संधी दिल्या, याचा हिशेब आजवर कोणी मागितलेला नाही.

तो हिशेब मागता येतो. कोणत्या विद्यालयातून किती मुली परीक्षेला बसल्या, किती पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण झाल्या, किती तिसऱ्या-चौथ्या प्रयत्नात, किती लेखीत अडल्या आणि किती प्रात्यक्षिकात, त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या किती, आणि किती जणी कोणालाही न सांगता अभ्यासक्रम सोडून गेल्या, ही सगळी माहिती मंडळाच्या आणि विद्यापीठाच्या दप्तरी असते. नांदेड आणि लातूरमधील आमच्या विद्यार्थी संघटनांनी आणि नर्स भगिनींच्या संघटनांनी २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली ती विद्यालयनिहाय मागावी. अर्जाला दहा रुपये लागतात, दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबातील मुलीने केला तर तेही लागत नाहीत. आणि हा अर्ज मराठीत लिहिता येतो.